पाठदुखी, खोबरेल आणि एक फिरता निरोप: खुलासा

‘वाढत्या वयात पाठ दुखतेच, खोबरेल चोळा, खेळू द्या,’ असा निरोप गोव्यातल्या डिचोली-पेडण्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. वाढीच्या कळा सहसा पायांत येतात, पाठीत नव्हे. वेगवान गोलंदाजी किंवा फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला, बहुतेकदा पाचव्या, ताणाने बारीक चीर पडू शकते. मागे वाकलं की कळ येते. षटक संपल्यावर पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहतो ना, तेव्हाच विचारा. साध्या एक्स-रेत ही चीर अनेकदा दिसतच नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’वर विसंबू नका. दोन आठवडे दुखत राहिलं तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ताप किंवा झोपमोड करणारी वेदना असेल तर दोन आठवडे थांबूच नका. पाय लुळे पडले, लघवीवरचा ताबा गेला तर थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात), मध्यरात्र असली तरी.