काळं मशीन, २२ नंबरची सुई आणि रापी : डिचोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मुकाट्याने चामडं शिवायच्या मशीनवरचा माझाच जुना लेख उघडून बसलो. खालच्या चौकटीत मावणार नाही म्हणून उत्तर इथे स्वतंत्र लिहितोय. नाव तुम्ही दिलेलं नाही, ‘डिचोलीचा वाचक’ एवढंच आहे, तेव्हा दादाच म्हणतो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दादांचे वडील चर्मकार. पस्तीस वर्षं त्यांनी पायाच्या काळ्या शिलाई मशीनवर आणि आरी (भोक पाडून शिवायचा टोच्या) आणि रापी (चामडं कापायचं-छिलायचं पातं) यांवर घर चालवलं. दादा म्हणतात, ‘कंपाउंड फीड मशीन नसेल तर चामड्याच्या कामात पडू नका’ (म्हणजे सुई, खालचे दाते आणि वरून माल दाबणारं फूट मिळून माल पुढे नेणारं मशीन) असं लिहून मी नव्या मुलांना घाबरवतोय. मशीनवर चार पानं आणि रापीवर एक ओळ, हा हौशी माणसाचा हिशोब आहे. चामड्याला सरळ २२ नंबरची सुई लावा, हा सल्ला तर धडधडीत चूक आहे. खोबरेल तेलाला मी नावं ठेवली, पण बाबांचं मशीन त्याच तेलावर चाललं. आणि घ्यायचंच असेल तर पॅचर, म्हणजे चपला-बूट दुरुस्तीचं मशीन, घ्या.

सुईचं आधी, कारण तिथे मला बोलायला जागा नाही. तुम्ही लिहिलंत, ‘पाकिटाला २२ नंबर लावलीत तर पाकिटाची चाळण होईल.’ होतेच. मी तेव्हा फक्त पट्टे शिवत होतो आणि पट्ट्यांचा अनुभव सगळ्या चामड्यावर लादला. २२ म्हणजे १४० ची सुई, म्हणजे १.४ मिलिमीटर जाड. १८ म्हणजे ११०, म्हणजे १.१. वीस तिकिटाचा जाड दोरा असेल तर २२ बरोबर, पण पाकिटाला आपण चाळीस तिकिटाचा लावतो, त्याला १८ पुरते. (दोऱ्याचा तिकीट नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई जाड. हा उलटा कारभार मला समजायला एक अख्खा पावसाळा गेला.) आता मी नंबर पाठ करत बसत नाही. दोरा सुईत ओवतो, तिरका ताणून धरतो आणि सुई वरच्या टोकाला नेऊन सोडतो. स्वतःच्या वजनाने हळूहळू घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर सुई बारीक पडते, दोरा पिंजणार. सटकन खाली आली तर भोक मोठं राहणार. मूळ लेखातलं ते वाक्य काल रात्रीच बदललं.

आता मशीन. इथे मात्र थोडं भांडतो.

तुमच्याच प्रतिक्रियेत एक वाक्य आहे, तुम्ही सहज लिहून गेलात : ‘तळ मात्र बाबा हातानेच शिवत.’ दादा, सगळं त्यातच आलं की. चपलेचा वरचा भाग, अस्तर, पर्सची चेन हे काळ्या मशीनवर, आणि जाड काम आरीने. मशीनची हद्द कुठे संपते हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. माझ्याकडे प्रश्न विचारायला येणारा मुलगा मात्र त्याच मशीनवर दुहेरी पट्टा, म्हणजे सहा-सात मिलिमीटर जाडी, शिवायला बघतो आणि मग मशीनला शिव्या देतो.

काय होतं ते माझ्या टेबलावर रोज दिसतं. सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली की तिच्या मागे दोऱ्याची छोटीशी कमान उभी राहते. शटलचं, म्हणजे खालचा दोरा सांभाळणाऱ्या भागाचं, टोक त्या कमानीत शिरतं तेव्हा टाका पडतो. कापड सुईला सहज सोडतं. चामडं सोडत नाही, धरून ठेवतं आणि सुईबरोबर स्वतःही वर येतं. दोरा जागचा हलत नाही, कमान होत नाही, शटल रिकामं फिरतं. त्याला आपण म्हणतो टाका सुटला. फूटचा दाब वाढवला की चामडं खाली राहतं, पण मग खालचे दाते त्याच्या पाठीवर रेघा उमटवतात. शिवाय साध्या मशीनमध्ये माल पुढे ढकलतात ते फक्त हे खालचे दाते, वरचं लोखंडी फूट चामड्याला चिकटून बसतं. खालचा थर पुढे जातो, वरचा रेंगाळतो. माझ्या पहिल्या बॅगेच्या खांदापट्ट्याला शेवटी चार मिलिमीटरचा फरक पडला होता, तो कापून ‘डिझाइन’ म्हणून विकला. कंपाउंड फीडमध्ये सुई चामड्यात असतानाच दाते आणि आतलं फूट तिच्यासोबत पुढे सरकतात, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरायला वावच राहत नाही. पैसे त्या एका हालचालीचे आहेत, रंगाचे आणि कंपनीच्या नावाचे नाहीत.

तरीही ‘नसेल तर पडू नका’ हे मी चुकीचंच लिहिलं. एक-एक मिलिमीटरचे दोन मऊ थर असतील, टेफ्लॉनचं किंवा चाकाचं फूट बसवलं, चामड्याची धारदार टोकाची सुई लावली आणि टाका जरा लांब ठेवला तर काळं मशीन पाकीट, चष्म्याचं घर, छोटी पर्स छान शिवतं. टाका लांबच हवा. चामड्यात पडलेलं भोक कापडासारखं बुजत नाही. बारीक टाके घातले की पावती पुस्तकाच्या पानासारखं तिथूनच फाटतं. तेव्हा मशीन घेण्याआधी जाडी मोजा, कडा रापीने छिलून पातळ करता येतात का बघा, आणि मगच पैसे काढा. लेखाची सुरुवात इथून व्हायला हवी होती.

पायाच्या मशीनवर टाका आपल्या ताब्यात राहतो आणि लाईट लागत नाही, हे तुमचं म्हणणं तर शंभर टक्के. मला एका दुकानदाराने जुनं मशीन क्लच मोटर लावून दिलं होतं. मोटर १४४० फेऱ्यांची, बटण दाबल्यापासून घरघरत फिरत राहणारी, आणि पाय जरा जड पडला की टीप सुसाट. एका गिऱ्हाइकाचा पट्टा कोपऱ्यावर वळायच्या आत सरळ बाहेर गेला. सहा महिन्यांत ती काढून सर्वो मोटर लावली, आता एकेक टाका मोजून घालता येतो. पण जूनमध्ये वारा सुटला आणि लाईट गेली की सर्वोचाही उपयोग शून्य, आणि तुमच्या बाबांचं मशीन चालूच. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पॅचरवर फार लिहीत नाही. दुरुस्तीला त्याच्यासारखं मशीन नाही, फूट चहूबाजूंनी फिरतं, बुटाच्या आत जाऊन टाका घालतं. जुन्या सिंगरवर २९के लिहिलेलं दिसतं ना, त्यातला ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. तो १९८० सालीच बंद झाला, मशीनं अजून कामावर आहेत. पण खालच्या दोऱ्याची बॉबिन एवढीशी, आणि माल ओढतं ते एकटं वरचं फूट. लांब सरळ शिवणीत टाके लहानमोठे पडतात. नवीन बॅगा करायच्या असतील तर ते पहिलं मशीन नव्हे.

खोबरेल. दादा, इथे मी हटणार नाही. माझं पहिलं मशीन म्हापशातल्या एका आजींकडून घेतलं, तेही खोबरेलवरच पोसलेलं. हातचाक फिरवायला दोन हात लागत. उघडलं तर आतल्या दांड्यांवर तपकिरी, चिकट थर, जुन्या कढईच्या बुडासारखा. टर्पेंटाइनची चिंधी घेऊन दोन दिवस बसलो होतो. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बाटलीत घट्ट झालेलं असतं, मग मशीनच्या पोटात कसं राहील? बाबांचं मशीन रोज चालायचं, रोज तापायचं, म्हणून निभावलं असेल. आठवड्यातून एकदा चालवणाऱ्याने पातळ, पांढरं मशीन ऑइलच घालावं. चालवाल त्या दिवशी शटलपाशी दोन थेंब, आणि मग आधी चिंधीवर चार टिपा, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या मालावर. एवढं करूनही टाका सुटत असेल तर सुईला बोट लावून बघा. बहुतेक वेळा चामडं जोडायचं सोल्यूशन चिकटलेलं असतं.

राहिली रापी. एक ओळ लिहिली याची लाज वाटते, कारण आपल्या हवेत खरा खर्च तिथेच होतो. गेल्या जुलैत मी कच्च्या रंगाच्या, झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर काम करत होतो. ओलं करून रापी चालवली आणि चहाला उठलो. आलो तर पट्ट्यावर निळेकाळे ठिपके. आधी बुरशी वाटली. पुसलं तर पसरलं. पात्यावर रात्रीत बारीक गंज धरला होता, तो ओल्या चामड्यातल्या कषायाला, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याला, भेटला आणि शाई झाली. शब्दशः शाई : हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी पोथ्यांची काळी शाई करत, त्यातलाच हा प्रकार. कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यातच कमावतात, म्हणजे अर्धी शाई तिथे आधीच तयार असते, लोखंड तेवढं आपण पुरवायचं. लिंबाचा रस पाण्यात मिसळून हलक्या हाताने फिरवला, डाग बराच उतरला, मग साध्या पाण्याने पुसून घेतलं. आधी तुकड्यावर करून बघा, रंगवलेल्या चामड्याचा रंगही उतरू शकतो.

गंज धरला कसा? मी हौसेने रापीला चामड्याचं म्यान शिवलं होतं. चामडं हवेतली ओल पितं, वर त्यात कमावणीचा आंबटपणा असतो. पावसाळ्यात पात्याला त्यात कोंडणं म्हणजे गंजाला आमंत्रण. आता रापी, आरी, पंच सगळं तेलाच्या चिंधीने पुसून लाकडी कपाटात उघडं टांगतो, आणि आत तळाला चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब दिवसरात्र. वीजबिलावरून घरात बोलणी खातो, पण गंज थांबला.

धार लावण्याबद्दल मी काही शिकवायला जात नाही. मी व्हिडिओ बघून हजार नंबरचा पाणीदगड आणि हिरव्या पेस्टची पट्टी आणली. पण म्हापशाच्या बाजारात बसणारे एक काका जुन्या करवतीच्या पात्याची रापी साध्या दगडावर पाणी शिंपडून आठ-दहा वेळा ओढतात, मग मांडीवरच्या चामड्यावर दोनदा पालथी-उलथी फिरवतात, आणि बुटाच्या तळाची कड कागदासारखी उतरते. आरीचंही तसंच. त्यांच्या आरीच्या टोकाला खाच असते. आरी आरपार घालून खालचा दोरा त्या खाचेत अडकवून वर ओढतात, त्याच्या फासातून दुसरं टोक घालतात आणि आवळतात. नीट बघितलं तर शटल तेच करतं, फक्त मिनिटाला शेकडो वेळा. मी हे पन्नास वेळा बघितलं होतं आणि लेखात ‘पारंपरिक अवजारे’ असे दोन शब्द लिहून पुढे गेलो.

तो भाग आता नव्याने लिहायला घेतलाय आणि तिथेच अडलोय. बाबांची रापी कशाच्या पात्याची आहे, तिची धार एका बाजूने आहे की दोन्ही, आणि ते कुठला दगड वापरतात, एवढं विचारून सांगाल का? त्यांची हरकत नसेल तर पुढच्या रविवारी मीच डिचोलीला येतो. मशीन ऑइलची बाटली घेऊन येईन, वापरायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

देव बरें करूं.