बिल शहराच्या माथी का?

‘मायनर लीगचा (अमेरिकेतल्या बेसबॉलच्या खालच्या पातळीचा) संघ टिकवायचा असेल तर स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी शहरानं खिशात हात घालायलाच हवा’, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. दुरुस्तीची यादी शहरानं केलेलीच नाही! २०२१ मध्ये मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च लीगनं मायनर लीगचा कारभार हाती घेतला, तिच्या संघांशी जोडलेल्या १६० मायनर लीग संघांचे १२० केले आणि ड्रेसिंग रूम, दिवे, सरावाच्या जागा यांचे नवे निकष लावले. खेळाडूंचा पगार मेजर लीगमधला वरचा संघ देतो, मग त्यांच्या ड्रेसिंग रूमचा खर्च करदात्यांनी का उचलायचा?

मी ऱ्होड आयलंडमध्ये राहते. इथल्या पॉटकेट शहरातलं, मायनर लीग संघाचं १९४२ मधलं मॅकॉय स्टेडियम आम्हाला घरच्यासारखं होतं. डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) प्रेक्षकांच्या पायाखाली, म्हणून मुलं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवायची, दोरीनं खाली सोडायची. खेळाडू सही करून परत पाठवायचे. माझ्या लेकीकडे तसा एक चेंडू अजून आहे, शाई पार फिकी झालीय. स्टेडियमच्या पैशांचा वाद वर्षानुवर्षं चालला, संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला गेला आणि मॅकॉय पाडलं. इतकं जिवाला लागूनही सांगते, संघ किती वर्षं राहणार आणि तिकीट-पार्किंगमधला शहराचा वाटा किती, हे करारात लिहून घेतल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.