विंडोज तुमचा २० टक्के वेग दाबून ठेवत नाही

घरच्या ब्रॉडबँडचा वेग वाढवण्याचे उपाय सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर बराच काळ फिरतो आहे आणि गेल्या महिन्यात तो माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: विंडोज इंटरनेटचा २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवते, तो एक सेटिंग शून्य करून सोडवून घ्यावा, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून गूगलचा ८.८.८.८ केला की वेग दुप्पट होतो. घरात जितके संगणक तितके वेगाचे वाटे पडतात, म्हणून चार संगणकांना चौपट प्लॅन लागतो. आणि आतल्या खोलीत रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे पाठवणारे यंत्र) लावला की तिथेही पूर्ण वेग मिळतो. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

२० टक्क्यांची गोष्ट विंडोज एक्सपीच्या काळातली आहे. विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रॅमला आपल्या डेटासाठी प्राधान्याची जागा मागता येते, आणि असे सगळे प्रोग्रॅम मिळून जास्तीत जास्त किती जागा मागू शकतील याची ती मर्यादा आहे. एसटीतली आरक्षित जागा जशी आरक्षणवाला प्रवासी चढेपर्यंत कोणीही वापरू शकतो, तशीच ही जागाही मागणारा प्रोग्रॅम प्रत्यक्ष डेटा पाठवत नसेल तेव्हा सर्वांना खुली असते. मायक्रोसॉफ्टने हे त्याच काळात स्पष्टही केले होते. घरगुती संगणकावर अशी मागणी करणारा प्रोग्रॅम सहसा नसतोच, त्यामुळे मर्यादा शून्य केली तरी सोडवून घेण्यासारखे तिथे काही नसते. शिवाय हे सेटिंग बदलायला संदेशात सांगितलेला ग्रुप पॉलिसी एडिटर हा प्रोग्रॅम विंडोजच्या होम आवृत्तीत दिलेलाच नसतो, आणि घरोघरच्या लॅपटॉपवर बहुधा तीच आवृत्ती असते.

हा उपाय मीही एकदा करून पाहिला आहे. प्लॅन २०० एमबीपीएसचा (सेकंदाला २०० मेगाबिट) असताना माझ्या टेबलावरच्या संगणकावर स्पीड टेस्ट कायम ९४ दाखवत असे, आणि सेटिंग बदलल्यावरही आकडा ९४ चा ९४ राहिला. खरे तर तो आकडाच कारण सांगत होता, कारण १०० एमबीपीएसच्या जोडणीतून डेटासोबत जाणारी पत्ते वगैरे जादा माहिती वजा जाता प्रत्यक्ष हाती येतात ते साधारण तेवढेच. नेटवर्कच्या माहितीत लिंक स्पीड (संगणक आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग) पाहिला तर तिथे १००० ऐवजी १०० होता. या दोघांना जोडणाऱ्या लॅन केबलच्या आत आठ तारा असतात. १०० च्या जोडणीला त्यांतल्या चार पुरतात, पण गिगाबिटला, म्हणजे १००० च्या जोडणीला, आठही लागतात. माझी केबल दाराच्या चौकटीखालून नेलेली होती आणि दार लागताना एका जागी चेपून चपटी झाली होती. नवी केबल टाकल्यावर लिंक १००० वर गेला आणि स्पीड टेस्ट १९० च्या पुढे. काही स्वस्त राउटरांचे लॅन पोर्टच १०० चे असतात. तिथे केबल कितीही बदलली तरी उपयोग नाही. आणि डाउनलोडच्या खिडकीत ‘१२’ दिसले म्हणून कंपनीला शिव्या देण्याआधी हेही पाहावे की तो आकडा मेगाबाइटचा असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइटच.

डीएनएसबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला आयपी पत्ता शोधून देणे एवढेच त्याचे काम आहे. कंपनीचा डीएनएस रेंगाळत असेल तर तो बदलल्यावर पाने लवकर उघडू लागतात, पण पत्ता मिळाल्यानंतर फाइल किंवा व्हिडिओ ज्या वेगाने उतरतो त्याच्याशी डीएनएसचा संबंध उरत नाही.

वाट्यांचे गणित मात्र नीट पाहायला हवे, कारण लोक त्यापायी दरमहा जास्तीचे पैसे भरतात. नुसता चालू असलेला संगणक जवळजवळ काहीच वापरत नाही, आणि एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर चार जणांनी एकाच वेळी व्हिडिओ पाहिले तरी मोठा हिस्सा मोकळाच राहतो. खरी अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली अपलोडची: एकाच्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की राउटरमध्ये डेटाची रांग लागते आणि शेजारच्या खोलीतली व्हिडिओ मीटिंग अडखळते, मग डाउनलोडचा वेग कितीही असो. राउटरमध्ये क्यूओएसची (कोणत्या डेटाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची) सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास, ठेवून पाहावी; अनेकदा तेवढ्याने भागते. दुसरी अडचण वाय-फायची आहे. वाय-फायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, म्हणजे तिथे वाटणी होते ती वेळेची. लांबच्या खोलीतला, दोन भिंतींपलीकडचा जुना लॅपटॉप तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ खातो आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवतो. म्हणून जागचा न हलणारा संगणक आणि टीव्ही केबलवर घ्यावेत, राउटरजवळची उपकरणे ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर ठेवावीत, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल असतात हे लक्षात ठेवून शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला त्यांतला एक निवडावा. चौपट प्लॅन घेऊन यातले काहीच सुटत नाही.

रिपीटरने रेंजच्या कांड्या वाढतात हे खरे, पण साधा रिपीटर ज्या चॅनेलवर डेटा घेतो त्याच चॅनेलवर तो पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि जिथे रेंज आधीच मेलेली आहे तिथे तो लावला तर तो मेलेली रेंजच पुढे ढकलतो. त्यापेक्षा माळ्यावर पडलेला जुना राउटर काढावा, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करावे, त्याला मुख्य राउटरच्या पत्त्याशी न जुळणारा पण त्याच मालिकेतला (फक्त शेवटचा आकडा वेगळा असलेला) पत्ता द्यावा आणि मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून आणलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात लावावी. ती वॅन पोर्टात (इंटरनेटची तार लावायच्या पोर्टात) गेली तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला बाहेरच्या खोलीतला प्रिंटर सापडेनासा होतो.