चाचणीनंतर तिचं पुढे काय?

लग्नाआधी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करा, ही मागणी आपल्याकडे दर काही वर्षांनी डोकं वर काढते. परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. मुलीची फसवणूक होऊ नये हा हेतू मला कळतो. पण लग्नाच्या आठवड्यात निगेटिव्ह आलेला कागद पुढच्या वर्षांची काय हमी देणार? संसर्ग ताजा असेल तर चाचणीत तो दिसतही नाही. आणि जी पॉझिटिव्ह निघेल तिचं पुढे काय, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे. इथे गरोदरपणातल्या पहिल्या रक्ततपासण्यांबरोबरच एचआयव्हीची चाचणी सुचवतात. ती कशासाठी ते समजावून सांगतात, आणि नको म्हणायची मुभाही असते. तरीही ९९ टक्क्यांहून जास्त बायका ती करून घेतात. खरं काम सुरू होतं ते त्यानंतर.

उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईची गोळी रोज वेळेवर पोटात गेली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर ती १ टक्क्याच्याही आत येते. औषधांच्या बाबतीत भारत मागे नाही, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगते. २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रांत उपचार मोफत आहेत, आणि २०१४ पासून सीडी४चा (प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते सांगणाऱ्या पेशींचा) आकडा न बघता प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं सुरू करण्याचं धोरण आहे. गोळी मिळते. प्रश्न आहे तो बाई दवाखान्यात परत येते की नाही याचा, विशेषतः बाळंतपणानंतर. तेव्हा रात्रीची झोप नसते, बाळ अंगावर असतं, घरात माणसांचा राबता असतो आणि गोळ्यांची डबी लपवायला जागा नसते.

बाळाला काय पाजायचं, हा तर रोजचा प्रश्न. इंग्लंडमध्ये वरचं दूध सर्वांत सुरक्षित असा सल्ला देतात. पण व्हायरल लोड दबलेला असेल आणि आईला अंगावर पाजायचंच असेल, तर दर महिन्याला दोघांचं रक्त तपासत तिला साथ देतात. भारतात पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मध्ये वरचं काही नाही, असा सल्ला आहे. दोन्ही सल्ले आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. मात्र इथे बाटली घेऊन बसलेल्या आपल्याकडच्या आईला व्हिडिओ कॉलवर सासूबाई विचारतात, “पाजत का नाहीस गं?” त्या एका प्रश्नाने सगळं उघड पडेल या भीतीने तिचे हात थरथरतात. अशा वेळी आम्ही तिच्याबरोबर उत्तराची तयारी करून घेतो: “माझी औषधं चालू आहेत, डॉक्टरांनी नको सांगितलंय.” हे उत्तर खरंच आहे आणि त्यात तिचं गुपितही राहतं. तिच्याच गावाकडचा दुभाषा तिला नको असतो, म्हणून लांबच्या शहरातला फोनवर जोडून देतो. उपचारांइतकंच हेही आमचं काम आहे, असं मी मानते.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. व्हिसाच्या काळजीने घाबरून उशिरा येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. २०१२ पासून इंग्लंडमध्ये एचआयव्हीचे उपचार कुणालाही, कागदपत्रं कशीही असोत, मोफत आहेत. हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यांत मोलाची गोष्ट श्रीमंत देशातून आलेलीही नाही. २००१ साली केपटाऊनमध्ये ‘मदर्स टू मदर्स’ ही संस्था सुरू झाली. या वाटेवरून गेलेल्या पॉझिटिव्ह आयांना शिकवून, पगार देऊन दवाखान्यातच नेमायचं, ही तिची रीत. बाळाला संसर्ग झालाय का ते बघायला त्याच्या टाचेतून काढलेला रक्ताचा थेंब कार्डावर टिपला जातो आणि मग निकालाची वाट बघावी लागते. ते दिवस कसे काढायचे हे डॉक्टरपेक्षा ती बाई जास्त जाणते, कारण तिने ते काढलेले असतात. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या संघटनांनी ही कल्पना आफ्रिकेकडूनच घेतली. महाराष्ट्रातही एचआयव्हीसह जगणारे कार्यकर्ते पाठपुराव्याचं काम करत आले आहेत. म्हणजे सुरुवात शून्यातून करायची नाहीये.

एचआयव्हीबाबतचा २०१७चा कायदा संमतीशिवाय चाचणी करायला आणि भेदभाव करायला मनाई करतो. रुग्णालयांत तक्रार अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव प्रसूती कक्षाच्या भिंतीवर लिहिलेलं असावं. केसपेपरवर लाल शाईची खूण नसावी. आईची गोळी आणि बाळाची तपासणी एकाच दिवशी, एकाच खिडकीवर व्हावी. रोजंदारी बुडवून दोन खेपा कुणाला परवडणार? आणि प्रत्येक एआरटी केंद्रात पगारावर एक अशी आई असावी. ग्रुपवर मी सक्तीला विरोध नोंदवला आणि खाली हीच यादी लिहिली. आमदारांकडे काही मागायचंच असेल, तर हे मागा.