चेकबॉक्सचा गट जरा वेगळा दाखवायचा म्हटलं, तर एवढा तमाशा?

एका ओळीत चेकबॉक्सचा गट उभा करून देतो, असं जवळपास प्रत्येक वेब फ्रेमवर्क (वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) छाती ठोकून सांगतं. देतंही. फील्ड लिहा, पर्याय द्या, विजेटचं (फील्ड पानावर कसं दिसावं ते ठरवणाऱ्या भागाचं) नाव टाका, काम झालं. पण त्या ओळीतून बाहेर काय पडतं? एकाखाली एक लटकवलेले चौकोन आणि शेजारी लेबल. कुठल्या डिझायनरने हे असं मागितलंय हो? डिझाइनमध्ये प्रत्येक पर्यायाचं कार्ड असतं. वर नाव, खाली बारीक अक्षरात माहिती, कोपऱ्यात आयकॉन, एखादा पर्याय ‘जागा भरल्या’ म्हणून करडा, आणि कार्डावर कुठेही क्लिक केलं तरी टिक झाली पाहिजे. यात अवघड काय आहे? हाताने एचटीएमएल लिहायला बसलं तर चहा निवायच्या आत होईल. तेच फ्रेमवर्कच्या फॉर्ममधून काढायचं म्हटलं, की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

डोकं फिरतं ते एकाच गोष्टीने. मधली वाटच ठेवलेली नसते. येतंय ते मुकाट्याने घ्या, नाहीतर सगळं मोडून स्वतः लिहा. मला व्हॅलिडेशन (भरलेलं बरोबर आहे का ते तपासणं) फ्रेमवर्कचंच हवंय, आधी काय निवडलं होतं ते लक्षात ठेवणंही त्याचंच हवंय. मला फक्त एका पर्यायाभोवतीचं मार्कअप, म्हणजे एचटीएमएल, बदलायचंय, आणि ते लिहिताना त्या पर्यायाची पूर्ण माहिती हातात हवीय. बस.

जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कचंच बघा. आवृत्ती १.११ च्या आधी तिथे या गटाचे यूएल-एलआय (एचटीएमएलचे यादीचे टॅग) चक्क पायथनच्या क्लासमध्ये स्ट्रिंग म्हणून लिहिलेले असायचे. त्याऐवजी एक डिव (साधी चौकट करणारा टॅग) हवा, तर मार्कअप काढणाऱ्या रेंडरर क्लासचा वारस काढा, म्हणजे त्यावरून आपला क्लास बनवा. २०१७ मध्ये १.११ आलं आणि विजेट टेम्प्लेटमधून, म्हणजे एचटीएमएलच्या साच्याच्या फाइलमधून, रेंडर व्हायला लागली. वाटलं, सुटलो! मग ती टेम्प्लेट उघडून बघावी. चेकबॉक्स-सिलेक्टच्या फाइलमध्ये एकच ओळ: मल्टिपल-इनपुटची फाइल इन्क्लूड करा. एका पर्यायाच्या फाइलमध्येही एकच ओळ: इनपुट-ऑप्शनची फाइल इन्क्लूड करा. ती उघडली की आत इनपुटची फाइल, तिच्या आत अ‍ॅट्रिब्यूटची. टोलवाटोलवी नुसती! खरं मार्कअप कुठे आहे ते शोधेपर्यंत आपण काय बदलायला निघालो होतो तेच विसरायला होतं.

बरं, सापडलं. त्याच नावाची फाइल आपल्या प्रोजेक्टच्या टेम्प्लेट फोल्डरमध्ये ठेवली. काही फरक नाही. एरर नाही, इशारा नाही, पानावर जुनंच मार्कअप आपल्याकडे बघतंय. कारण फॉर्मचा मूळ रेंडरर तुमची टेम्प्लेटची सेटिंग वाचतच नाही. तो जँगोच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणि इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅपच्या फोल्डरमध्येच बघतो. त्यासाठी फॉर्म-रेंडरर नावाची वेगळी सेटिंग बदलायची, आणि वर जँगो-फॉर्म्स हे अ‍ॅप म्हणून यादीत घालायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, मान्य. पण बाकी सगळ्या पानांना एक नियम आणि फॉर्मला दुसरा, हे माणसाला आपोआप सुचावं अशी अपेक्षा आहे का? आणि एवढं करून मूळ नावाची फाइल बदलली, की प्रोजेक्टमधले झाडून सगळे चेकबॉक्सचे गट बदलतात. मला एकच बदलायचा होता! त्याला उपाय म्हणजे पुन्हा विजेटचा वारस काढून त्याला वेगळ्या टेम्प्लेटचं नाव द्यायचं. म्हणजे फिरून क्लासच.

सीएसएस (पानाची सजावट) क्लासची गंमत तर ऐकाच. विजेटला अ‍ॅट्रिब्यूटमधून क्लास दिला, तर तो बाहेरच्या डिवलाही लागतो आणि आतल्या प्रत्येक इनपुटलाही. दोन्हीकडे तोच! गटाला ग्रिड द्यायला जावं, तर प्रत्येक चौकोनही स्वतःला ग्रिड समजायला लागतो. शिवाय ४.० मध्ये यूएल जाऊन डिव आले. अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला कमी बडबड करावी लागते म्हणून केलं, कारण चांगलंच आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण त्याआधी ज्यांनी बिचाऱ्यांनी यूएल-एलआय धरून सीएसएस लिहिलं होतं त्यांचे फॉर्म अपग्रेडनंतर विस्कटले. जुनं हवं असेल तर ३.२ मधली टेम्प्लेट उचलून ठेवा, असा सल्ला रिलीज नोट्समध्ये. धन्यवाद हं!

आणि खरं दुखणं अजून आलंच नाही. पर्याय म्हणजे किंमत (पैसे नव्हे, सर्व्हरला जाणारी व्हॅल्यू) आणि लेबल अशी जोडी, बाकी काही नाही. मग माहितीची ओळ, आयकॉन, करडेपणा आणायचा कुठून? लोक काय करतात, तर लेबलमध्येच सगळं एचटीएमएल कोंबतात आणि ते सुरक्षित आहे असं जँगोला खोटंच सांगतात. त्यात युजरने भरलेला मजकूर आला, की सुरक्षेचे बारा वाजले. सरळ रस्ता म्हणजे क्रिएट-ऑप्शन ही विजेटची मेथड ओव्हरराइड करायची, म्हणजे तिच्या जागी आपली लिहायची. तिला नाव, किंमत, लेबल, निवडलंय का, क्रमांक, उपक्रमांक, अ‍ॅट्रिब्यूट असं सगळं लटांबर घ्यायचं, सुपरला (मूळ क्लासच्या मेथडला) द्यायचं, परत आलेल्या डिक्शनरीत आपलं घुसवायचं. डेटाबेसच्या मॉडेलवरून आलेले पर्याय असतील तर ३.१ पासून किमतीतूनच मूळ ऑब्जेक्ट मिळतो, तेवढी दया. साधी यादी असेल तर शेजारी आपली दुसरी डिक्शनरी सांभाळत बसा.

‘टेम्प्लेटमध्ये फील्डवर लूप फिरव की’ असं सांगणारे भेटतातच. फिरवतो ना. टॅग आणि लेबल वेगवेगळं हाती येतं, हवं तसं मांडता येतं. पण मग तेच मांडणं प्रत्येक पानावर पुन्हा, आणि फील्डसेट (गटाची चौकट), लेजंड (गटाचा मथळा), एररचा मजकूर हेही आपणच जोडायचं.

बाकीचेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सचा चेकबॉक्स-लिस्ट काही सांगितलं नाही तर सरळ टेबल काढून देतो. पायथनच्याच डब्ल्यूटीफॉर्म्समध्ये असं तयार फील्डच नाही, दोन विजेट जोडून आपलं आपण बनवा. पीएचपीच्या सिम्फनीत फॉर्म थीमच्या ब्लॉकचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. एक अंडरस्कोर इकडचा तिकडे झाला, की पुन्हा तोच जीवघेणा सन्नाटा: एरर नाही आणि बदलही नाही. त्यातल्या त्यात रुबीच्या रेल्सने माणसासारखं वागवलंय. तिथला चेकबॉक्स कलेक्शनचा हेल्पर आपण लिहिलेला ब्लॉक, म्हणजे कोडचा तुकडा, घेतो, आणि त्या ब्लॉकमध्ये चेकबॉक्स, लेबल आणि मूळ ऑब्जेक्ट तिन्ही हातात देतो. २०१३ च्या ४.० पासून! म्हणजे हे जमतं. इतरांना कोणी अडवलंय?

एचटीएमएललाही सोडणार नाही मी. टिक न केलेला चेकबॉक्स सर्व्हरला काही पाठवतच नाही, त्यामुळे ‘सगळे काढून टाकले’ आणि ‘हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हताच’ यात फरक कळत नाही. म्हणून रेल्स एक रिकामं लपलेलं इनपुट सोबत पाठवतं, आणि मग निवडींच्या यादीत पहिलाच एक रिकामा मानकरी येऊन बसतो. ‘किमान एक निवडा’ हे गटाला सांगायची सोय तर नाहीच. रिक्वायर्ड (‘हे भरलंच पाहिजे’) लावलं तर ते ज्या त्या चौकोनाला लागतं, म्हणजे सगळेच टिक करा! म्हणून जँगो इथे ते लावतच नाही, आणि ब्राउझरची तपासणी गेली ती गेलीच.

शेवटी वैतागून लोक खरा चेकबॉक्स डिस्प्ले-नन (पानावरून गायब) करतात आणि डिववर टिकचं चित्र काढतात. माऊसवाल्यांचं भागतं. कीबोर्डवाल्याचा टॅब त्या गटावरून सुसाट पुढे जातो, स्पेस दाबून काही होत नाही. असं करणाऱ्यांना शिव्या घालायच्या? मी तरी नाही घालणार. तिथपर्यंत त्यांना ढकललं कोणी, ते वर सांगितलंच.

आणि एवढ्या सगळ्यातून कार्डं नीट दिसायला लागली, की हमखास निरोप येतो: वर एक ‘सगळे निवडा’ पण हवंय, आणि सगळे नाही, थोडेच निवडले असतील तर त्यात टिकच्या जागी आडवी रेघ दिसली पाहिजे. ती रेघ एचटीएमएलच्या कुठल्याही अ‍ॅट्रिब्यूटने येत नाही, जावास्क्रिप्टनेच लावावी लागते. बसा आता.