निकियाची परिषद आणि येशूचं पुनरुत्थान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. येशूच्या पुनरुत्थानावरचा माझा लेख शेवटपर्यंत वाचून एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. आपले आक्षेप मला समजले ते असे: पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मरणानंतर पुन्हा उठल्याची, कथा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या (ख्रिस्ती धर्मप्रमुखांच्या) परिषदेत घुसडली. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाचे बायबलमधले वृत्तांत) एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे सगळंच रचलेलं. आणि श्रद्धावंताने इतिहासाच्या गप्पा मारू नयेत.

पहिला आक्षेप साफ चुकीचा आहे. निकियात वाद होता तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याच्या शिकवणुकीवरून. पुत्र (येशू) पित्याइतकाच (देवाइतकाच) अनादी, की पित्याने निर्माण केलेला? येशू तिसऱ्या दिवशी उठला हे आरियसही मानत होता, त्यावर भांडण नव्हतंच. ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण, सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असं तिथे ठरलं खरं, पण सण कितीतरी जुना. इ.स. १५५ च्या सुमारास स्मुर्णाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले, तेव्हा त्यांची आणि रोमचे बिशप अनिसेटस यांची चर्चा याच दिवसावरून झाली. एकमत झालं नाही, तरी दोघांनी प्रभुभोजन एकत्र घेतलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

त्याच्याही मागे जाऊ. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याने करिंथकरांस पहिलं पत्र इफिसहून लिहिलं ते साधारण इ.स. ५४ मध्ये, म्हणजे येशूला वधस्तंभावर मारल्यानंतर पंचवीसेक वर्षांत. पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे शिष्य पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना, पाचशेहून अधिक बांधवांना, याकोबाला. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की यरुशलेमेत आपण केफाकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. ही भेट वधस्तंभानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली असावी. ज्यांनी येशूला जवळून पाहिलं होतं, त्यांच्याच तोंडी ही साक्ष होती. कॉन्स्टंटाइनचा जन्म व्हायला अजून दोनशेहून अधिक वर्षं होती.

शुभवर्तमानं जुळत नाहीत, हे खरं आहे. योहानात मग्दालीया मरीया एकटीच कबरेपाशी येते, मार्कात तिघी. मत्तयात शिष्यांना येशू गालीलात भेटतो, लूकात यरुशलेमेत. हे फरक झाकायचं मला कारण दिसत नाही. पण परिषदेने कथा घडवली असती, तर हे फरक राहिले असते का? सिनाई आणि व्हॅटिकन ही ग्रीक बायबलची दोन थोर हस्तलिखितं निकियाच्याच शतकातली. त्यांत मार्काचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं: ‘तो उठला आहे’ हा निरोप ऐकून स्त्रिया कबरेपासून पळतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. येशू कोणाला दिसल्याचा प्रसंगच नाही. सम्राटाच्या हुकमाने घातलेली कथा अशी अर्धवट सोडली नसती.

आणि त्या स्त्रियाच पाहा. पौलाच्या यादीत त्यांचं नाव नाही. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असं ज्यू इतिहासकार योसेफस पहिल्याच शतकात लिहितो. लूक तर सांगतो की शिष्यांनाही त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. तरीही चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी स्त्रियांनाच दिसते. लोकांना पटावं म्हणून रचायचं असतं, तर पेत्राला पुढे केलं असतं.

आता तिसरा आक्षेप. येशू उठला हे कागदपत्रांनी सिद्ध होतं, असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. त्याचे सोबती फार लवकर, जिवावरचा धोका पत्करून, हे सांगू लागले, एवढं इतिहास दाखवतो. ते खरं बोलत होते असं मी मानतो, ही माझी श्रद्धा. आपण मानू नका, त्यावर माझी तक्रार नाही. पण न मानण्याचं कारण म्हणून निकियाचं नाव पुढे करू नका, ही कळकळीची विनंती.