फॉर्म असा बनवा की माणूस पुन्हा फिरकू नये

ऑनलाइन फॉर्म बनवायला घेताय? छान. काल रात्री एका फॉर्मने माझ्याकडून पानंच्या पानं भरून घेतली, सबमिट दाबताच वर लाल अक्षरांत ‘अवैध माहिती’ एवढंच छापलं आणि सगळे रकाने धुऊन टाकले. अशी कामगिरी आपोआप होत नसते. तुम्हालाही जमावी म्हणून ही शिकवणी.

पहिलं पथ्य : फॉर्म कुणाला भरायला देऊन बघू नका. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे जाणकार जेकब नील्सन सांगून बसलेत की पाच माणसं समोर बसवली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पाचच! इतक्या स्वस्तात अब्रू जाते, तेव्हा जपून.

‘पुढे जा’ बारीक ठेवा आणि ‘सगळं पुसा’ त्याच्या अंगाला चिकटवा. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका नेम धरायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सने 1954 मध्येच मोजून दाखवलंय. शास्त्राचा आधार आहे, घाबरू नका.

पासवर्ड पेस्ट करू देऊ नका.

आता मुख्य कला, चूक दाखवण्याची. कुठला रकाना अडला ते सांगायचं नाही. मोबाइल नंबरात मधे एक मोकळी जागा होती, बस्स! ती गाळायला प्रोग्रामात एक ओळ पुरते. पण नाही, ती मीच हुडकायची, मीच पुसायची, मग जन्मतारखेपासून सगळं परत मीच टाइप करायचं. तेवढ्यात सेशन संपलं, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि तो येईस्तोवर त्याचीच मुदत संपलेली! गंमत वाटते? थेराक-25 नावाच्या किरणोपचार यंत्राच्या पडद्यावर ‘मालफंक्शन 54’ यायचं. म्हणजे काय, ते ऑपरेटरच्या माहितीपुस्तिकेत नव्हतंच. असले संदेश एरवीही सतत येत, म्हणून ऑपरेटर ‘पी’ दाबून पुढे जात. 1985 ते 1987 दरम्यान सहा रुग्णांना किरणांचा भयंकर डोस बसला, काही त्यातच गेले. मूळ दोष सॉफ्टवेअरचा, कबूल. पण काय बिघडलंय ते पडद्यावर धड लिहिलं असतं, तर कुणी पुन्हा ‘पी’ दाबलं असतं का?

आणि हेल्पलाइनवर उत्तर काय? ‘तुमच्याकडूनच काहीतरी चुकलं असेल.’ दुसऱ्या महायुद्धात बी-17 हे बॉम्बफेकी विमान जमिनीवर टेकल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकंच मिटून घ्यायचे. तेव्हाही असंच म्हणत, वैमानिकाची चूक. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपॅनिसने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखे. त्याने त्यांच्या मुठींना वेगवेगळे आकार द्यायला लावले. वैमानिकांना उपदेश केला नाही.

याला ऐंशी वर्षं उलटून गेली, आणि तुम्ही अजून आम्हालाच दटावताय! लाज वाटू द्या जरा. स्वतःचा फॉर्म एकदा तरी शेवटपर्यंत भरलात का? मोबाइलवर, रेंज जात-येत असताना, चष्मा हाताशी नसताना? काय चुकलं ते त्या रकान्यापाशीच लिहा. भरलेलं पुसू नका. एवढंही होत नसेल तर कागदी अर्ज परत आणा. त्यात एका ओळीत खाडाखोड झाली म्हणून बाकीचा नाव-पत्ता उडून जात नव्हता.